तोंड फिरवून

वॉर्डातल्या सिस्टर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवरचं बाळ बाटलीनं दूध पीत होतं, एवढंच बाईंना दिसलं. त्यात थांबण्यासारखं काही नव्हतं. बाई आल्या होत्या एका कागदावर शिक्का घ्यायला. शिक्का मिळाला होता, घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती आणि बारा वाजता समितीची बैठक होती. पण या सिस्टर म्हणजे साधी असामी नव्हे. जिन्यात बोलल्या तर तिसऱ्या मजल्यावरचे पेशंट उठून बसतात अशी त्यांची ख्याती, आणि बाळं म्हणजे तर त्यांचा जीव की प्राण. अशी बाई पडदे ओढलेल्या खोलीत मुक्यासारखी बसते आणि मांडीवरच्या लेकराकडे ढुंकूनही बघत नाही, हे पाहून बाईंचे पाय दारातच अडकले.

"काय सिस्टर, भांडण झालं की काय त्याच्याशी?" बाईंनी हसत विचारलं.

सिस्टरांनी डोळे वटारून त्यांना गप्प केलं. बाटली संपेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या, मग ढेकर काढून बाळाला घट्ट गुंडाळलं, पाळण्यात ठेवलं, त्याच्या छातीवर हात नुसता टेकवून मिनिटभर उभ्या राहिल्या आणि पाय न वाजवता बाहेर येऊन दार लोटून घेतलं. त्यांच्या मानानं कुजबुजच म्हणावी अशा आवाजात त्या म्हणाल्या, "ह्या पोरांना पाजताना बघायचं नसतं हो. आईच्या पोटातच नशेची सवय लागलेली ही पोरं. जन्माला आली की ती तुटते, मग नुसती तळमळतात. उजेड सोसत नाही, आवाज सोसत नाही, आणि दूध पिताना समोर माणसाचं तोंड आलं की ताठ होतात, रडून रडून काळीनिळी होतात. एका वेळी एकच काय ते द्यायचं. दूध तर दूध, तोंड तर तोंड. आयांना आम्ही पहिलं हेच शिकवतो."

"सगळ्या आयांना?"

"सगळ्यांना. फार जड जातं बिचाऱ्यांना. तुमच्या त्या इस्त्रीवालीच्या पोरीला मात्र दोनदा सांगावं लागलं नाही. तीन आठवडे होती इथं. एकदा सांगितलं, तिनं गाठ मारून ठेवलं. अहो, काय झालं? तोंड का उतरलं एवढं? बसा, पाणी देते."

"नको," बाई म्हणाल्या. "उशीर होतोय."

बाई म्हणजे घरोघर जाऊन पाहणी करणाऱ्या. अशा बाळांच्या घरांना काय लागतं ते बघायचं, बाळाचं वजन, आईची औषधं, दवाखान्याच्या वेळा, घरातल्यांचे रुसवेफुगवे या सगळ्याची जुळवाजुळव करायची आणि शेवटी अहवाल लिहायचा, हे त्यांचं काम. कागदोपत्री त्यांचं पद चांगलं हातभर लांब होतं. वस्तीत त्यांना वहीवाल्या बाई म्हणत, ऑफिसात नुसतं बाई. अठरा वर्षं त्या म्हाताऱ्यांच्या विभागात होत्या आणि म्हातारी माणसं त्यांना आतून-बाहेरून कळायची. आठ महिन्यांपूर्वी त्यांची बदली इकडे झाली. बदलीनंतर एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. त्या दिवशी बाई दाढ काढायला गेल्या होत्या. दाढेचं काय, निघाली. प्रशिक्षण राहिलं ते राहिलंच, आणि दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही म्हणून बाईंनीही आठवण करून दिली नाही. इतक्या वर्षांच्या अनुभवी बाईला बाळ म्हणजे काय हे कुणी नव्यानं शिकवायचं, असंही कुठेतरी मनात होतंच.

हॉस्पिटलपासून ऑफिस चालत पंचवीस मिनिटांवर. बाई टायरवाल्यांच्या गल्लीतून निघाल्या, कारण मोठा रस्ता नळासाठी खणून ठेवला होता. हवा भरायचं यंत्र धडधडत होतं, कुणीतरी चाकावर हातोडा घालत होतं, आणि बाईंच्या डोक्यात त्यांचाच अहवाल त्यांच्याच आवाजात वाचला जात होता. तो त्यांना पाठ होता. चार दिवसांपूर्वी लिहिताना त्यांना तो आवडला होता, हे सगळ्यांत वाईट. 'दूध पाजताना आई बाळाकडे पाहत नाही. तोंड फिरवून बसते. बाळाशी बोलत नाही. खोलीत दिवसाही अंधार ठेवते. विचारलेल्या प्रश्नांना त्रोटक उत्तरे देते. मायेचा अभाव जाणवतो.' शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं होतं आणि चहा मागवला होता. साहेबांनी अहवाल वाचून मान हलवली होती, "बाई, तुमची नजर म्हणजे नजर आहे." तेव्हा बरं वाटलं होतं. आज त्याच नजरेच्या जोरावर समिती ठरवणार होती की दीड महिन्याचं ते बाळ आईजवळ ठेवायचं की सहा महिन्यांसाठी दुसऱ्या घरी सांभाळायला द्यायचं. सहा महिने. दीड महिन्याच्या बाळाचे सहा महिने म्हणजे त्याचा अख्खा जन्मच की. तेवढ्यात ते बसायला लागतं, हसायला लागतं, कुणाच्या हातानं शांत व्हायचं ते ठरवून मोकळं होतं.

ती खोली आता त्यांना लख्ख दिसत होती, तिथं असताना दिसली नव्हती इतकी. खाली इस्त्रीचं दुकान, वर एकच खोली, जिन्याला कठड्याऐवजी दोर. वाफेचा आणि गरम सुती कापडाचा वास. पोरीची आई खाली शर्टांच्या ढिगाशी उभी, वर पोरगी. वय असेल तेवीस. नशेच्या नादी लागून दोन वर्षं घराबाहेर होती, दिवस गेल्यावर पाचव्या महिन्यात स्वतःच्या पायांनी दवाखान्यात आली आणि तेव्हापासून रोज सकाळी खिडकीपाशी, नर्ससमोर उभी राहून औषध घेते. ते औषध नशा नाही, नशेपासून लांब ठेवतं. एक दिवस चुकलेली नव्हती. हेही बाईंनी अहवालात लिहिलं होतं, पहिल्या पानावर, कारण ते खरं होतं. बाळाला घरात 'मुंगी' म्हणत होते. वजनच तेवढं. खिडकीवर जुनी चादर ठोकली होती. पोरगी भिंतीला टेकून बसली, मुंगीला गाठोड्यासारखं छातीशी धरलं, बाटली लावली आणि मान अशी वळवली, थेट उजवीकडे, भिंतीवरच्या खिळ्याकडे. बाई चार हातांवर बसलेल्या. त्यांना तिच्या मानेची शीर ताठलेली दिसली होती. आता कळत होतं की मान तशी धरून ठेवायला जोर लागतो. कंटाळलेल्या माणसाची मान अशी नसते. पण त्या वेळी बाई मनात म्हणाल्या होत्या, ओळखलं. मी ओळखलं तुला.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. बाई गल्लीच्या तोंडाशी आल्या आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या. पाय दुखत नव्हते. सत्तावीस वर्षांपूर्वीची एक भिंत त्यांच्या समोर आली होती आणि तिला वळसा घालून जाणं जमेना. फिक्या हिरव्या रंगाची भिंत. पलंगाशेजारी रंगाला फुगा आलेला, आणि तो फुगा नखानं फोडावा की नाही याचा विचार करत त्या दिवसचे दिवस पडून राहायच्या. पाठीमागे पाळणा. पाळण्यात त्यांचा मुलगा. बाळंतपण सुखरूप झालं होतं, बाळ गुटगुटीत होतं, नाक आजोबांवर गेलंय असं सगळे म्हणत, आणि बाईंना ते नाक पाहायचंच नव्हतं. राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, त्याला धरून काहीतरी करता आलं असतं. नुसतं काही नव्हतंच. छातीत जिथं काहीतरी असायला हवं असं सगळ्यांनी सांगितलं होतं, तिथं कोरडं ठणठणीत. मांडीवर आणून ठेवलं की त्या पाजायच्या, भिंतीकडे बघत पाजायच्या, आणि झालं की हात पुढे करायच्या, घ्या.

घेत कोण, तर सासूबाई. त्यांची जीभ म्हणजे कात्री. लग्न झाल्यापासून बाईंच्या भाजीत, बोलण्यात, केसांच्या वळणातसुद्धा त्यांनी खोट काढलेली. पण त्या तीन महिन्यांत सासूबाईंनी चकार शब्द काढला नाही. बाळाला न्हाऊमाखू घातलं, छातीवर घेऊन येरझारा घातल्या, बघायला येणाऱ्यांना बाहेरच्या खोलीत बसवून सांगितलं, "ती दमलीय, डोळा लागलाय तिचा." स्वतःच्या लेकालाही त्यांनी कळू दिलं नाही. बाईंचे यजमान साधे, सकाळी जायचे, संध्याकाळी यायचे, बायको झोपलेली दिसली की पाय वाजवू नये म्हणून चपला हातात घ्यायचे. एकदाच सासूबाई पलंगाच्या कडेला टेकल्या आणि बाईंच्या पाठीला म्हणाल्या, "होईल. कुणाला लगेच होतं, कुणाला सावकाश. त्याची काही शर्यत लागलेली नाही." मग एका दुपारी घरात कुणी नसताना पोर शिंकलं. एकदा, दोनदा, लागोपाठ पाच वेळा शिंकलं, आणि बाईंनी मान वळवली. वीजबीज काही चमकली नाही. एक पोर होतं, त्याच्या नाकाखाली शेंबूड आला होता, तो त्यांनी हातानं पुसला. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला स्वतः अंघोळ घातली आणि पाणी जास्त गरम घेतलं म्हणून सासूबाईंनी त्यांना फाडून खाल्लं. जीभ पुन्हा जागेवर आली.

सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली. जाईपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही, आणि बाईंनीही कुणापाशी काढला नाही. मुलगा मोठा झाला, लांबच्या गावी नोकरीला लागला, रविवारी फोन करतो, जेवलीस का विचारतो. कधीकधी फोनवर तो मध्येच गप्प होतो, आणि बाईंना वाटतं, त्याला माहीत आहे. कसं असेल? असणं शक्य नाही. तरी वाटतं. असं जन्मभर मनात घर करून बसलेलं काहीतरी घेऊन बाई त्या इस्त्रीच्या दुकानावरच्या खोलीत गेल्या होत्या, त्यांना एक वळलेली मान दिसली आणि त्यांनी तिच्या आत स्वतःला पाहिलं. पोरीला त्यांनी साधं विचारलंसुद्धा नाही, की अगं, तू तिकडे का बघतेस. विचारायची गरजच वाटली नाही. वाटेल कशी? उत्तर घरूनच नेलं होतं. आणि मग जी शिक्षा त्यांना कुणी कधी केली नव्हती, ती त्यांनी पाच ओळींत त्या पोरीला करून टाकली. वर चहा मागवला.

समोरून एक माणूस टायर घरंगळत घेऊन गेला आणि "बाजूला हो, मावशी," म्हणाला. बाई उठल्या. गप्प बसलं तर? हा विचार आला नाही असं नाही, आला, आणि बराच वेळ सोबत चालला. सिस्टर काही समितीवर नव्हत्या. समितीत एक निवृत्त हेडमास्तर, एक वकीलबाई आणि साहेब, तिघांपैकी एकानंही कधी थरथरणारं बाळ मांडीवर घेतलं नसेल. कुणाच्या लक्षात येणार नव्हतं. बाईंना निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती, अठरा वर्षांत एक ठपका नव्हता. तोंडानंच दोन शब्द चांगले बोलावेत, पोरगी कष्टाळू आहे, रोज औषधाला येते, पाहा काय ते, आणि बाकीचं नशिबावर सोडावं. नशिबावर म्हणजे त्या पोरीच्या नशिबावर. आपल्या नशिबात सासूबाई होत्या. हे मनात आलं आणि बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की त्या चालण्याचा वेग वाढवून ऑफिसच्या जिन्याशी धापा टाकतच पोचल्या.

साहेब माणूस वाईट नव्हता. फायलीची गाठ दुसऱ्यानं सोडलेली त्यांना खपत नसे, एवढंच. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बाई, अहवाल गेला. सही झालेली. आता मागे घेता येत नाही. पुरवणी जोडा फार तर."

"जोडते."

"कारण लिहावं लागेल. लिहा, प्रशिक्षणाला गैरहजर असल्यामुळे माहिती नव्हती. खोटंही नाही ते. तुमची ती दाढ."

बाईंनी दुरुस्ती लिहिली, खाली तसंच कारण लिहिलं. दीड ओळ झाली. ती वाचताना त्यांना एकदम हलकं वाटलं आणि लगेचच त्या हलकेपणाचा संशयही आला. पण बारा वाजत आले होते.

बैठकीच्या खोलीत लांब टेबल, पाण्याचे ग्लास, खिडकीतून येणारं भगभगीत ऊन. पोरगी टेबलाच्या टोकाला बसली होती, केस घट्ट बांधलेले, इस्त्री केलेला शर्ट, तोही इतका कडक की तिच्या अंगावर तो वेगळाच बसला होता. ऊन नको म्हणून तिची आई मुंगीला घेऊन बाहेर जिन्याच्या वळणावर, सावलीत थांबली होती. पोरीनं बाईंकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. अध्यक्ष हेडमास्तरांनी पुरवणी मोठ्यानं वाचली, शाळेत सूचना वाचावी तशी. "म्हणजे पाहणीत दिसलेलं वागणं हॉस्पिटलनंच शिकवलेलं होतं. ठीक. चूक कबूल केलीत हे बरं केलंत."

"एक मिनिट, सर," वकीलबाई म्हणाल्या. त्या बाईंहून पंधरा वर्षांनी लहान, समोर अहवाल, त्यावर पेन्सिलीच्या खुणा. "तोंड फिरवणं समजलं. अंधार समजला, न बोलणं समजलं. हे शेवटचं वाक्य मला समजलं नाही. 'मायेचा अभाव जाणवतो.' याचा आणि प्रशिक्षणाचा काय संबंध? तो तुम्हाला कशात जाणवला? दुसरं काही पाहिलंत का तिथं, जे लिहिलं नाहीत?"

"नाही."

"मग हे वाक्य राहतंच ना, बाई? तुमच्यासारख्या अनुभवी माणसाला आत कुठेतरी काही जाणवलं, आणि आपण ते सोडून द्यायचं? शंका असेल तर आम्हाला बाळाच्या बाजूनं विचार करावा लागतो. माझं काही वैर नाही कुणाशी."

वकीलबाईंचं चुकत नव्हतं, म्हणून तर पंचाईत. साहेब पाण्याच्या ग्लासावरचं झाकण नीट बसवत होते. पोरीनं दोन्ही हात टेबलाखाली घेतले होते आणि तिचे खांदे पुढे आले होते, आपल्याला आता काय ऐकायचंय ते ठाऊक असलेल्या माणसाचे येतात तसे. दीड महिन्यात तिला या टेबलांची सवय झाली असणार. बाईंना वाटलं, मी आता पडले तर बरं होईल. चक्कर येऊन पडावं, बैठक पुढे ढकलली जावी. चक्कर आली नाही. तब्येत चांगली असण्याचे असेही तोटे असतात.

"ते मला तिच्यात जाणवलं नाही," बाई म्हणाल्या. "मला मुलगा झाला तेव्हा मी तीन महिने त्याच्याकडे बघत नव्हते. भिंतीकडे तोंड करून पाजायची. मला शिकवलं नव्हतं कुणी, माझं आपणहून होतं ते. बघावंसंच वाटायचं नाही. हिला तशी बसलेली पाहिली आणि मला वाटलं, हिचंही तसंच. ते वाक्य माझ्याबद्दल आहे. तिच्या कागदावर चुकून पडलं."

हेडमास्तरांनी टेबलावरचं पेन उचललं, पुन्हा ठेवलं. वकीलबाई बाईंकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर कीव आहे की राग आहे हे बाईंना कळेना, आणि मग कळलं की त्यांचे डोळे भरून आलेत आणि त्या ते कुणाला दिसू नये म्हणून अहवालाकडे बघतायत.

"लिहून द्याल?" हेडमास्तरांनी हळूच विचारलं.

"देते."

बाईंनी लिहिलं. साडेचार ओळी झाल्या. अक्षर शाळेतल्यासारखं मोठं आलं. पंधरा मिनिटांत निर्णय झाला. बाळ आईजवळ राहील, आठवड्याला एक भेट, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. हेडमास्तरांनी पोरीला विचारलं, "भेटीला ह्याच बाई चालतील, की दुसरं कुणी पाठवू? मोकळेपणानं सांग, बाळा."

"विचार करून सांगते," पोरगी म्हणाली. तेवढंच.

बाई बाहेर आल्या तेव्हा जिन्याच्या वळणावर दोघी मायलेकी शेजारी शेजारी उभ्या होत्या. आजीच्या खांद्यावर कापडात गुंडाळलेली मुंगी, कापडातून फक्त मुठीएवढं डोकं. आजीला निकाल कळला असावा, कारण ती रडत होती आणि रडतारडता लेकीच्या शर्टाची कॉलर सरळ करत होती. बाईंना वाटलं, बाजूनं निघून जावं. पण जिना एकच होता.

"तीन महिने?" पोरगी एकदम म्हणाली.

बाई थांबल्या. "तीन."

"मग पोराला नेलं कुणी?"

"नाही."

"का?"

"कुणी विचारायलाच आलं नाही."

पोरीनं ते ऐकलं. तिच्या तोंडावर राग येईल असं बाईंना वाटलं, आणि आला असता तर तो घ्यायला त्या तयार होत्या. पण ती नुसती बघत राहिली, एखादं अवघड गणित दुसऱ्यानं कसं सोडवलं ते बघावं तशी. "माझ्याकडे सात जण येऊन गेले," ती म्हणाली. "दीड महिन्यात. तुम्ही सातव्या."

"मी तुला तेव्हा विचारायला हवं होतं."

"आई म्हणाली होती, विचारतील तेवढंच सांगायचं. जास्त बोललं की ते पण लिहितात."

"खरंय तिचं," बाई म्हणाल्या. आजीनं डोळे पुसत दुसरीकडे पाहिलं. बाईंना काय सुचलं कोण जाणे, जे चार दिवसांपूर्वी विचारायचं होतं ते त्या आता विचारत्या झाल्या. "तू बघतेस कधी तिच्याकडे?"

"झोपली की." पोरीचा आवाज बदलला. पहिल्यांदाच ती न विचारलेलंही बोलू लागली. "पिऊन झोपली की मग बघते. आधी थोडं लांबून, मग जवळून. कानामागं एवढे एवढे केस आलेत तिला. आईला खाली शर्ट पडलेले असतात, तरी मी जाऊ देत नाही, म्हणते थांब ना, तू पण बघ. एकदा तर दोघी बघत बसलो आणि खाली गिऱ्हाईक ओरडून ओरडून निघून गेलं."

"चार शर्ट घेऊन आलेलं," आजी म्हणाली, आणि रडता रडता तिला हसू आलं.

आवाजानं असेल, मुंगी जागी झाली. आधी कापड हललं, मग एक बारीक, उंच, कापणारं रडं आलं. पोरगी झटकन जिन्याच्या पायरीवर बसली. आजीनं बाटली काढून तिच्या हातात दिली, बाळ मांडीवर ठेवलं, कापडाची टोकं आत खोचली. दोघींच्या हातांना एकमेकींचा अंदाज होता. पण खिडकीतलं ऊन आता सरकून थेट त्याच पायरीवर आलं होतं. मुंगीनं बाटली तोंडात घेतली, सोडली, अंग ताठ केलं, हनुवटी थरथरायला लागली. बाई दोन पायऱ्या उतरल्या आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या, पाठ उन्हाकडे करून. मग तोंड बाळाकडे होतंय हे लक्षात येऊन त्या वळल्या आणि काचेकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ऊन त्यांच्या डोळ्यांवर आलं. खाली रस्त्यावर कुणी गाडी मागे घेत होतं. पाठीमागे रडणं तुटक झालं, थांबलं, सुरू झालं, पुन्हा थांबलं, आणि मग घोट गिळल्याचा बारीक आवाज यायला लागला. बाई हलल्या नाहीत. एक पाय बधिर होत चालला होता.

"अजून थोडं डावीकडे," मागून पोरगी अगदी हळू म्हणाली. "तिच्या कपाळावर येतंय."

बाई डावीकडे सरकल्या.